तस्कराची सांडशी

आमच्या भाऊंना 'नाही' म्हणता येत नसे, हे पाहुण्यांना घरात पाऊल टाकल्याबरोबर कळायचं. भाऊ म्हणजे माझे वडील. सरकारी कचेरीत कारकून, अंगाने किडकिडीत, आणि स्वभाव असा की वाटेत कुत्रं आडवं बसलेलं असलं तर त्याला वळसा घालतानासुद्धा पुटपुटत, "बस, बस, उठू नको." आमच्या दारामागे एक बाजाची पेटी होती, तिच्या वरच्या पट्ट्या मुक्या होत्या, कचेरीतल्या कुणीतरी बदली झाल्यावर 'जरा सांभाळा' म्हणून दिलेली. खाटेखाली शिवणयंत्राचा लोखंडी पाय होता, यंत्र नव्हतं. फडताळात एका विक्रेत्याने गळ्यात मारलेल्या विश्वकोशाचे पहिला आणि चौथा असे दोनच खंड होते, त्यामुळे आमच्या घरात जगाची माहिती तुकड्या-तुकड्याने होती. आई म्हणायची, "उद्या कुणी दारात हत्ती आणून बांधला तरी हा माणूस त्याला विचारील, ऊस खाणार का म्हणून."

हत्ती आला नाही. साप आला.

इंदिरानगरात तेव्हा घरांपेक्षा प्लॉट जास्त होते. मध्ये मध्ये द्राक्षाचे मांडव, बाभळी, विटांचे ढीग, आणि अर्धवट बांधलेल्या भिंतींवर वाळत घातलेल्या गोधड्या. सकाळी गिरणीचा पट्टा फटफटायला लागला की दिवस सुरू झाला असं समजायचं. आम्ही आहेर नानांचे भाडेकरू. नानांनी शेताचे प्लॉट पाडून विकले होते, उरलेल्यात द्राक्षं ठेवली होती, आणि समोरच त्यांचा दुमजली बंगला होता. त्या दोन खोल्या मिळण्याआधी भाऊंनी गंगापूर रोडपासून सुरुवात करून सगळं नाशिक पालथं घातलं होतं. पगारे असं आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच दुसऱ्याला दिलेली असायची. नाना मात्र म्हणाले होते, "मला काय करायचंय तुमच्या आडनावाशी? माणूस सरळ पाहिजे." हे वाक्य भाऊंनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं होतं की मला ते नानांच्या आवाजात झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं.

आईला मात्र त्या वाक्याचं तेवढं कौतुक नव्हतं. नानांच्या ओट्यावरच्या कोनाड्यात निळ्या फुलांचा एक कप होता, कान तुटलेला. भाऊ भाडं द्यायला गेले की चहा त्या कपात यायचा. पिऊन झाला की भाऊ ओट्याच्या नळावर तो स्वतः विसळायचे आणि पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचे. नानांकडे काचेच्या कपाटात सोनेरी काठाचा कपबश्यांचा संच होता, तो ओट्यावरूनही दिसायचा. भाऊ म्हणत, "अगं, चहा एकच असतो." आई म्हणे, "मग कपाटातल्यातून का नाही देत?" यावर भाऊ विश्वकोशाचा चौथा खंड उघडून बसत. बोंबील भाजायचे असले की आई आधी खिडक्या लावून घ्यायची आणि त्या धुरात आम्ही डोळे पुसत ज्वारीची भाकरी खायचो. मी अजूनही बोंबील भाजताना खिडकी लावते. आता आमच्या मजल्यावर सगळेच बोंबील खातात, पण हाताला सवय आहे.

तर आमच्या वरच्या खोलीत सामंत सर राहायचे, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यांची अचानक विदर्भात बदली झाली. जाण्याच्या आदल्या दिवशी ते काचेचं झाकण असलेली एक लाकडी पेटी छातीशी धरून खाली आले. भाऊंनी "या या" म्हटलं आणि तिथेच सगळं संपलं. पेटीत साप होता. तपकिरी, अंगठ्याएवढा जाड, मानेजवळ पांढऱ्या-काळ्या चौकटी आणि पाठीवरून शेपटीपर्यंत ओढत गेलेल्या दोन काळ्या रेघा.

"तस्कर आहे," सर म्हणाले. "विष नाही, अजिबात. गांडुळाचा मोठा भाऊ समजा. आठवड्याला एक उंदीर दिला की बास. मी दिवाळीत येऊन घेऊन जातो. ठेवाल ना, पगारे?"

भाऊंचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. तोंडातून शब्द आले ते असे: "हो, हो, त्यात काय."

सरांनी मग उभ्या उभ्या शिकवणी घेतली. वरून हात घालायचा नाही, वरून घार येते, बाजूने घालायचा. डोकं धरायचं नाही. अंगाला आधार द्यायचा आणि त्याला एका हातावरून दुसऱ्या हातावर वाहू द्यायचं. जेवल्यावर दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. डोळ्यांवर दुधी पडदा आला की समजायचं कात टाकणार, तेव्हा त्याला नीट दिसत नाही, चिडचिडा होतो, खायलाही द्यायचं नाही. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे उंदराला हात लावून तो हात पेटीत घालायचा नाही. मेलेला उंदीर चिमट्यात धरून जरासा हलवायचा, म्हणजे त्याला जिवंत वाटतो. भाऊ प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सर गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "हत्ती परवडला असता."

दिवाळी आली नि गेली, सर आले नाहीत. त्यांचं एक कार्डही आलं नाही. आजही मला कधी कधी वाटतं, एखाद्या दिवशी बेल वाजेल आणि एक म्हातारे गृहस्थ विचारतील, "पगाऱ्यांचंच घर ना हे? माझा साप..."

भाऊंनी सापाचं नाव ठेवलं साहेब. मुद्दाम ठेवलं नाही, पहिल्या दिवशी झाकण उचलताना त्यांच्या तोंडून कचेरीच्या सवयीने "साहेब, आत येऊ का?" असंच निघालं, आणि ते चिकटलं. आईसाठी तो कायम 'ते ध्यान' होता. चिमटा कुठून आणायचा म्हणून भाऊंनी चुलीजवळची सांडशी उचलली, तेव्हा आईने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि भांडेवाल्याकडून दुसरी आणली. तिच्या दांड्याला लाल दोरा बांधला, मोरीजवळ वेगळा खिळा ठोकला. "ही त्याची. माझ्या भांड्यात मिसळायची नाही." मग खिळ्याकडे बघत म्हणाली, "बघा, आपल्याही घरात एकाचं भांडं वेगळं झालं." भाऊ हसले. ती हसली नाही.

उंदीर पकडायचं काम आईचं. लाकडी सापळ्याला बोंबलाचं शेपूट लावायची, सकाळी सापळा सरळ पाण्याच्या बादलीत. हात जराही हलत नसे. भाऊ तेवढा वेळ अंगणात जाऊन आभाळ बघत. पण पुढचं काम त्यांचं. पहिल्या दिवशी त्यांनी सांडशीत उंदीर धरला आणि त्यांचा हात असा थरथरायला लागला की उंदीर जणू नाचतच होता. साहेबांनी मान उचलली, मानेचा इंग्रजी एस केला, आणि सांडशीवर झडप घातली ती थोडी चुकून भाऊंच्या बोटावर. भाऊ ओरडले नाहीत. आधी उंदीर सोडला, मग बोट वर धरून बघत बसले. दोन-चार लाल ठिपके, टाचणी टोचल्यासारखे. आई हळद घेऊन धावली. पंधरा मिनिटं आम्ही तिघं बोटाकडे बघत बसलो. काही झालं नाही.

"काही होत नाही गं," भाऊ म्हणाले. असे म्हणाले, जणू कुणीतरी त्यांना बढतीचा हुकूम दिलाय. "चावला तरी काही होत नाही."

त्या दिवसापासून भाऊ बदलले. मला हे लिहिताना अतिशयोक्ती वाटते, पण आईलाही तसंच वाटायचं. जन्मभर त्यांना ज्या गोष्टीची भीती होती ती होऊन गेली होती आणि तिच्यात काही नव्हतं. कचेरीतून आले की हातपाय धुवायचे, साबणाने, कोपरापर्यंत. मग झाकण उचलायचे आणि साहेब त्यांच्या मनगटावरून चढून बंडीच्या बाहीत शिरायचे. भाऊ तसेच बसून चहा प्यायचे, रेडिओवरच्या बातम्या ऐकायचे. हात थरथरायचा थांबला. इतका थांबला की उंदीर आता मुद्दाम हलवावा लागे, नाहीतर साहेब ढुंकून बघत नसत. "बघ, माझी भीती होती तेव्हाच ह्याला भूक लागायची," भाऊ म्हणत.

मीही शिकले, म्हणजे शिकल्यासारखं केलं. शाळेत मी 'सापवाल्यांची बेबी' होते आणि त्या पदवीचा मी जेवढा उपयोग करून घेतला तेवढा पुढे बी.ए.च्या पदवीचा झाला नाही. प्रत्यक्षात पहिल्यांदा साहेब माझ्या हातावर दिले तेव्हा मी खुंटीसारखी उभी राहिले. "श्वास घे," भाऊ म्हणत होते, "तो तुला झाड समजतोय, झाडं श्वास घेतात." साहेब दंडावरून मानेवर आले आणि वेणीत शिरले. पुढचं सांगत नाही. फ्रॉक धुवायला टाकावा लागला. पण ते थंड, कोरडं, हळूहळू सरकणारं वजन अजून मानेवर आठवतं. गेल्या वर्षी माझ्या मुलाने पुण्यात कॉर्न स्नेक आणला, केशरी, काचेच्या घरात, खाली गरम राहणारी गादी. दुकानातून गोठवलेले उंदीर पाकिटात येतात. तो मोबाइलवर व्हिडिओ बघून धरायला शिकत होता आणि वरून हात घालत होता. मी म्हटलं, "बाजूने." त्याने विचारलं, "आई, तुला कसं माहीत?" मी म्हटलं, "वाचलं होतं कुठेतरी." सगळं काही मुलांना तोंडी सांगता येत नाही.

भाऊंची कीर्ती गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. त्या उघड्या माळावर घर बांधायचं म्हणजे सापाच्या अंगणात चूल मांडण्यासारखं होतं. कुणाच्या जिन्याखाली धामण, कुणाच्या कुंडीत नानेटी, कुणाच्या मोरीत कवड्या. आधी लोक काठ्या घेऊन धावायचे, आता भाऊंना बोलवायला धावू लागले. ज्यांनी भाऊंना कधी फाटकाच्या आत घेतलं नव्हतं त्यांच्या न्हाणीघरात, माळ्यावर, एकदा तर देवघरात भाऊ जाऊन आले. समईच्या मागून कवड्या काढला, पिशवीत घातला आणि कालव्यापलीकडे सोडून दिला. घरी येऊन त्यांनी ते सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज जरा चढला होता.

"देवघरात, बेबीच्या आई. स्वतः हात धरून नेलं मला."

"साप होता म्हणून नेलं," आई पोळी लाटत म्हणाली. "साप नसता तर?"

"असं प्रत्येक गोष्टीला नख लावू नये माणसाने."

"मी नाही लावत. तुमच्या हाताला कुणाचे दात लागतील, ती काळजी आहे मला. एक दिवस भलताच निघाला तर?"

"मला कळतो फरक," भाऊ म्हणाले. आणि फरक त्यांना खरंच माहीत होता. सरांनी सांगितला होता. कवड्या आणि मण्यार दोन्ही काळपट, दोन्हींवर पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात; मण्यारीचे मानेजवळ नसतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. एक गरीब, दुसरी जीवघेणी. भाऊ मला हे पाढ्यासारखं म्हणायला लावायचे. मी अजून म्हणू शकते.

नागपंचमीला गल्लीतल्या बायका लाह्या, हळदकुंकू आणि दुधाची वाटी घेऊन आमच्या दारात आल्या. आमच्या भिंतीवर बुद्धाचा फोटो, घरात पूजा नाही. आईने पदर खोचून दार अडवलं. भाऊ मागून म्हणाले, "अगं, येऊ दे. दूध तेवढं नको, साहेब दूध पीत नाहीत, त्यांना बाधेल." त्या दिवशी साहेबांच्या पेटीच्या काचेवर इतकं कुंकू पडलं की आत काही दिसेना. आहेर काकूंनी बाहेरूनच हात जोडले. आई संध्याकाळी काच पुसत म्हणाली, "सापाच्या पाया पडायला घरात येतात. पाणी विचारलं तर तहान नसते कुणाला." भाऊ पडलेल्या लाह्या वेचत राहिले. पण मला दिसत होतं, त्यांना ती गर्दी आवडली होती. माणसं आपल्या उंबऱ्यात आली होती, काही का कारणाने असेना.

तो रविवार होता. आई मटकीला फोडणी देत होती, मी अंगणात गृहपाठाच्या नावाखाली चिंचा खात होते, एवढ्यात नाना स्वतः आले. लुंगी, उघडं अंग, खांद्यावर पंचा, अंघोळ अर्धवट टाकून आलेले.

"पगारे भाऊ! चला लवकर. न्हाणीत बंबाच्या मागं बसलाय. काकू लय घाबरलीय, खुर्चीवर चढून बसलीय बघा."

"कसा आहे?" भाऊंनी विचारलं.

"काळा हाय. पट्टे हायेत. कवड्याच असंल तुमचा."

आईने चुलीवरून मान वळवली. "अहो, जरा बघून."

"हो गं," भाऊ म्हणाले, पिशवी घेतली आणि निघाले. मी मागे. नानांच्या घरी शेजारचे चार-पाच जण आधीच जमले होते. पुढचं मी न्हाणीघराच्या दारातून, काकूंच्या खुर्चीखालून बघितलं. आत अंधार, बंबाचा धूर, ओली फरशी. साप बंबामागे वेटोळं करून बसला होता, डोकं वेटोळ्याच्या आत लपवलेलं, अंगावर राख आणि पाणी. भाऊ वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग मान वळवून म्हणाले, "नाना, उजेड कमी आहे. बॅटरी आहे का?"

"बॅटरी कुठून आणू आता? अहो, तुम्ही तर देवघरातून काढला होता, अंधारातच!" मागून कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, "आज पगारे भाऊंचा हात नाही चालत वाटतं."

ते बोलणारे वाईट नव्हते. पण भाऊंच्या पाठीचा कणा जरा ताठ झाला, तो मी बघितला. त्यांना म्हणता आलं असतं, मला नीट दिसत नाही, मी हात घालत नाही. त्यांनी बाजूने हात घातला, आधार देऊन उचललं, साहेबांना उचलावं तसं. साप अगदी शांत होता, सुस्त. पिशवीत सोडताना त्यांनी एकदा "हां" केलं आणि बोट झटकलं.

"चावला काय?" नाना म्हणाले.

"जरासं टोचलं. कवड्या चावतोच. काही होत नाही." आणि पिशवीचं तोंड बांधलं.

मग नाना म्हणाले, "बसा, बसा आता. चहा घेतल्याशिवाय सोडत नाय." भाऊ सवयीने ओट्याकडे वळले, तर नानांनी त्यांना दंडाला धरून बैठकीत नेलं, सोफ्यावर बसवलं. काकूंनी काचेचं कपाट उघडलं. कपबश्या एकमेकींवर किणकिणल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. भाऊंनी तो कप दोन्ही हातांनी धरला होता. दुसरा कप घ्या म्हणाले, तोही घेतला. नानांनी द्राक्षांचे भाव सांगितले, भाऊंनी साहेबांच्या गमती सांगितल्या, सगळे हसले. मी दारात उभी राहून कंटाळले आणि घरी आले. भाऊ बऱ्याच वेळाने आले. पिशवी परसातल्या खिळ्याला अडकवली, उन्हं कलली की कालव्यापलीकडे सोडू म्हणाले.

"आज सोनेरी काठाचा कप होता," ते आईला म्हणाले. "आत, सोफ्यावर."

आईने त्यांच्याकडे बघितलं. या वेळी तिने नख लावलं नाही, मला वाटतं तिलाही थोडं बरं वाटलं. तिने मटकीची उसळ वाढली. भाऊंनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, पोटात मळमळतंय, चहा जास्त झाला. खाटेवर आडवे झाले. मी उशाशी जाऊन बसले, तर त्यांच्या पापण्या निम्म्या मिटलेल्या.

"भाऊ, तुमच्या डोळ्यांवर पडदा आलाय. कात टाकताय का?"

ते हसले. तोंडाची एकच बाजू हसली. "झोप येतेय गं," म्हणाले, आणि तो शब्द जड जिभेने आला. दुपारची झोप माणसाला येतेच. रविवार होता, उसळ झाली होती, बाहेर गिरणीसुद्धा बंद होती. आई भांडी घासून आली, तिने त्यांना पाणी दिलं. पाणी ओठाच्या कोपऱ्यातून उशीवर गळलं. भाऊंना गिळता येत नव्हतं.

आई तांब्या टाकून परसात गेली. तिने पिशवी खिळ्यावरून काढली, आमची मोठी काचेची बरणी उन्हात ठेवली आणि पिशवी तिच्यात रिकामी केली. वरून ताट झाकलं. साप धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता आता. मानेजवळ एकही पट्टा नव्हता. शेपटीकडे मात्र पांढऱ्या जोड-रेघा, चुन्याने ओढल्यासारख्या. मी पाढा म्हणायला तोंड उघडलं, पण आईला तो माझ्याआधीच येत होता. इतके महिने ती स्वयंपाकघरातून ऐकत आली होती.

नानांनी मॅटॅडोर काढली. भाऊंना मागे गोधडीवर झोपवलं, आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मी बरणी मांडीवर धरून. वाटेत भाऊंचे डोळे पूर्ण मिटले होते, पण ते ऐकत होते, कारण आईने नाव घेतलं की त्यांचं बोट हलायचं. मग तेही हलेना. दवाखान्यात डॉक्टरांनी बरणी बघितली, इंजेक्शनं दिली, छातीवर दाबत राहिले, धावपळ केली. दिवेलागणीला बाहेर येऊन ते म्हणाले, फार उशीर झाला. दोन कप चहाचा उशीर, असं मी नंतर पुष्कळ वर्षं म्हणत असे. आता म्हणत नाही. एका कपाला एवढा दोष लावून चालत नाही.

जलदानविधी झाला. भन्तेजी येऊन गेले, नातलग आपापल्या गावी गेले. घरात बाजाची पेटी, शिवणयंत्राचा पाय, दोन खंड आणि आम्ही दोघी उरलो, आणि काचेखाली साहेब, ज्यांची या सगळ्यात कुणाला आठवण राहिली नव्हती. त्या संध्याकाळी नाना दारात आले. हातात काठी होती. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. ते खरंच रडले होते, हे मला सांगायला हवं.

"वहिनी, ते पेटीतलं ध्यान द्या माझ्याकडं. मारून टाकतो. त्याच्यापायी गेला माणूस. तो आला नसता घरात तर भाऊंनी हात कशाला घातला असता?"

"नाही," आई म्हणाली.

"ऐका माझं. लेकरू हाय घरात."

"नाना, तुमच्या घरात ह्यांना 'नाही' म्हणता आलं नाही. मला येतं." आवाज चढला नव्हता. "बसा. चहा ठेवते."

नाना उभेच राहिले. मग काठी भिंतीला टेकवली आणि भाऊंच्या खाटेच्या कडेवर बसले. आईने आमच्या नेहमीच्या कपात चहा दिला. नानांनी बराच वेळ कपात बघितलं आणि मग प्यायला लागले, एकेक घोट, तळापर्यंत. पिऊन झाल्यावर कप घेऊन मोरीकडे निघाले. आईने मध्येच तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"राहू द्या. आमच्यात पाहुण्याने कप विसळायचा नसतो."

नाना चपला घालून निघाले. काठी तिथेच विसरून गेले. ती पुढे कितीतरी वर्षं आमच्या दारामागे बाजाच्या पेटीशेजारी उभी होती, आणखी एक सांभाळायला दिलेली वस्तू.

नाना गेल्यावर आईने सापळ्यातला उंदीर काढला. साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. लाल दोऱ्याची सांडशी खिळ्यावरून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा पेटीची काच स्वतः उचलली. बाजूने. साहेब कोपऱ्यात निपचित होते, कितीतरी दिवसांचे उपाशी. तिने उंदीर त्यांच्या तोंडासमोर धरला. तिचा हात दगडासारखा स्थिर होता, तो नेहमीच तसा असायचा. दवाखान्यातही तसाच होता. साहेबांनी जीभ बाहेर काढली, आत घेतली, आणि तोंड फिरवलं.

"आई, हलवावा लागतो," मी म्हटलं. "भाऊ हलवायचे."

ती माझ्याकडे न बघता तशीच धरून राहिली. "साहेब," ती म्हणाली, "जेवून घ्या." तिने त्याला साहेब म्हटलेलं मी कधीच ऐकलं नव्हतं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग सांडशीच्या टोकाला उंदराचं शेपूट जरासं हललं. मग उंदीर हलला. मग तिचा सगळा हात थरथरायला लागला, खांद्यापासून, थांबवता येईना असा, आणि साहेबांनी मान उचलली.